त्याच गल्लीत, त्याच आवाजात

बाईंच्या तोंडात कायम टाचण्या असायच्या. ओठांच्या उजव्या कोपऱ्यात चार-सहा टाचण्या, डोकी बाहेर आणि टोकं आत, आणि बाई त्या न काढता खुशाल बोलायच्या. ओठ मिटायची सोय नसल्यामुळे 'पदर' म्हणायचं तर 'अदर' व्हायचा आणि 'बाही'ची 'आही'. ऐकणाऱ्यानं अंदाजानं समजून घ्यायचं. क्लासच्या पोरी त्यांच्यामागे त्यांना टाचणीबाई म्हणत. मला तर पहिल्या दिवशी धडकीच भरली होती. मी म्हटलं, बाई, गिळाल ना एखादी. त्यावर त्या म्हणाल्या, "आजवर नाही गिळली, आता काय तुह्यासाठी गिळू?" हे वाक्यसुद्धा मला दुसऱ्यांदा विचारल्यावर कळलं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी लग्न होऊन काटोलहून नागपूरला आले, ती थेट रेल्वे फाटकापलीकडे, मनीषनगरच्या बाजूच्या एका नव्या लेआउटमध्ये. लेआउट म्हणजे काय, निम्म्या प्लॉटवर घरं आणि निम्म्या प्लॉटवर बाभळी. आमच्या घरात समोरची मोठी खोली बाईंची, त्यात त्यांचा शिवणक्लास. मागच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं. वर एकच खोली, ती घरमालकांनी स्वतःसाठी ठेवलेली. घरमालक नरखेडकडचे, संत्र्याचे बगीचेवाले. बायकापोरं गावी. बाजाराच्या नाहीतर कोर्टाच्या कामानं नागपूरला आले की वर मुक्काम, बाकी वर्षभर खोलीला कुलूप.

बाई शिवायला शिकवत, पण त्यांचं अर्धं शिकवणं जगण्याबद्दलच असायचं, असं मला वाटतं. "आधी कच्ची टीप, मंग पक्की," हे तर पोरींना झोपेतही ऐकू येत असेल. दुसरं म्हणजे सांगीव माप त्या घेत नसत. मी एकदा आळस करून जुना ब्लाउज मापाला दिला, तर तो त्यांनी माझ्याच खांद्यावर परत टाकला. "हे तुह्या लग्नातलं माप होय. आता सासरचं जेवून राहिली तू. उभी राय इथं." मला राग आला. पण ब्लाउज असा बसला की आमच्या ह्यांनीसुद्धा वर्तमानपत्र खाली केलं.

आता मालकांबद्दल सांगते, कारण सगळा घोळ त्या एका शब्दाचा आहे. आमच्याकडे बाईमाणूस नवऱ्याला मालक म्हणते. घराच्या मालकालाही मालकच म्हणतात, आणि दुकानाच्या, बगीच्याच्या, बैलजोडीच्या मालकालाही. कोणते मालक ते बोलण्याच्या ओघात कळतं, नाही कळलं तर विचारतात. बाईंच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात काळी पोत, आणि घरात पुरुषाची चप्पल नाही. कोणी विचारलं, "मालक कुठं असतात?", की बाईंचं उत्तर ठरलेलं, "मालक बाहेरगावी गेले." दूधवाल्याला हेच, मतदारयादीवाल्याला हेच, नव्यानं राहायला आलेल्या सुनांना हेच. कधी गेले, कुठल्या गावी गेले, हे कोणी विचारत नसे. मी मात्र नवी होते आणि तोंडाळ होते. मी विचारलं, "कुठल्या गावी?" बाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, मशीनवरच्या छोट्या उशीला टोचल्या, आणि स्वच्छ शब्दांत म्हणाल्या, "बाहेरच्या." मग टाचण्या परत तोंडात. त्यानंतर मी कधी विचारलं नाही. हे विचारायचं नाही, एवढं सगळ्या लेआउटला ठाऊक होतं आणि सगळं लेआउट ते पाळत होतं, घरातल्या आजारी माणसाचा दिवा मंद करतात तसं.

त्यात घरमालकांनी हप्त्यावर फ्रीज घेतला. वरच्या खोलीत थ्री-पिनचं बटण नव्हतं, म्हणून तो दोन हमालांच्या खांद्यावरून बाईंच्या खोलीत येऊन उभा राहिला. "राहू द्या ना बाई, वायरिंग झालं की नेतो वर," घरमालक म्हणाले. वायरिंग काही झालं नाही. बाईंनी फ्रीजला झालरीचा अभ्रा शिवला, पण आत स्वतःचं म्हणून काही ठेवलं नाही. ऐन मे महिन्यातसुद्धा त्या माठातलंच पाणी पीत. "परक्याच्या पेटीत आपलं लिंबूही ठेवू नये वं," असं त्यांचं म्हणणं. माझं असलं काही तत्त्व नव्हतं. घरमालकांनी मला "वहिनी, खुशाल वापरा, रिकामाच आहे" म्हटलं होतं, आणि मी खुशाल वापरत होते. मळलेली कणीक, अर्धा दुधीभोपळा, ताकाचं गंज-पातेलं, सगळं माझं.

घरमालकांचे हप्ते थकले. संत्र्याचा बहार गेला म्हणून थकले की विसरले म्हणून, देव जाणे. एक दिवस दुपारी दारात एक तरुण उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, बगलेत रेक्झिनची बॅग. तो दुकानाचा वसुलीवाला आहे हे ना बाईंना माहीत, ना मागच्या दारात गहू निवडत बसलेल्या मला.

"मालक आहेत का?" त्यानं विचारलं.

बाई मशीनवर होत्या, तोंडात टाचण्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आहेरगावी गेले."

"कधी येतील?"

"काई सांगता येत नाही."

"जाऊन किती दिवस झाले?"

"लय झाले."

त्यानं खोलीवर नजर फिरवली. "सामान त्यांचंच ना हे?"

बाईंना वाटलं, शिवणमशीनची नोंद करणारा कोणी सरकारी माणूस आहे. मशीन खरंच त्यांच्या नवऱ्यानं लग्नात आणलेलं. त्या म्हणाल्या, "आणलं त्याइनं, वापरतो मी." आमच्याकडे बायाही 'वापरतो'च म्हणतात. तो बिचारा फ्रीजकडे बघत होता. त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं, नमस्कार केला आणि गेला. मीही सगळं ऐकलं, आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. बाई नेहमीचंच तर बोलल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात तो परत आला तो आणखी एक दांडगा माणूस घेऊन, मोटारसायकलवर. वेळ नेमकी क्लास सुटायची. पोरी चपला घालत होत्या, कोणाची आई घ्यायला आली होती, कोणाचा भाऊ सायकल धरून उभा होता. वसुलीवाला आत आलाच नाही. वसुलीची रीतच ती, चारचौघांत बोलायचं. त्यानं गल्लीत उभं राहून घरमालकांचं नाव आडनावासकट घेतलं आणि म्हणाला, "नवरा हप्ते बुडवून पळतो अन् बायको घरात बसून थंड पाणी पिते. शरम नाही लोकांना." आवाज असा, की पलीकडच्या बांधकामावरचा गवंडी थापी धरून थांबला.

बाई दारात आल्या. टाचण्या त्यांनी हातात काढल्या होत्या. "कोणाची बायको?" त्यांनी विचारलं.

"यांची. तुम्हीच तं सांगितलं मला. मालक बाहेरगावी गेले म्हणाल्या. आणलं त्यांनी, वापरते मी म्हणाल्या. म्हणाल्या की नाही?"

बाई म्हणाल्याच होत्या. शब्द न् शब्द म्हणाल्या होत्या. त्यांनी एकदा फ्रीजकडे पाहिलं, एकदा मशीनकडे. मी पुढे होऊन "अहो, ते घराचे मालक, ह्यांचे नव्हेत" असं काहीबाही सांगायला गेले, तर तो म्हणाला, "मग ह्यांचे कुठं आहेत?" आता याला मी काय सांगणार? तेवढ्यात मोटारसायकल फुरफुरत निघून गेली आणि सगळी गल्ली वरच्या खोलीच्या कुलपाकडे बघायला लागली.

आमच्या लेआउटला तोपर्यंत बोलायला नळ, फाटक आणि डास एवढेच विषय होते. आता चंगळ झाली. म्हणूनच फ्रीज बाईंच्या खोलीत का? म्हणूनच घरमालक एकटे येतात का? बाहेरगावी बाहेरगावी म्हणतात ते नरखेडच का? बरं, तोंडावर कोणी काही बोलेना. नुसत्या पोरी कमी व्हायला लागल्या. एकीची आजी आजारी पडली, एकीची परीक्षा आली, एकीला म्हणे मशीन चालवून पाय दुखतात. क्लासवर बाईंचं पोट होतं. मशीनवरचं कापड दुपारभर तसंच पडून राहायचं आणि बाई त्याच्याकडे बघत बसायच्या. मला इतका संताप यायचा की मी कणीक दुसऱ्यांदा मळायचे.

घरमालकांना हे कळलं तेव्हा ते मोठ्यानं हसले. वाईट माणूस नव्हता, पण हसला. "अहो बाई, मनावर काय घेता, भरून टाकतो हप्ते," म्हणाले, आणि खरंच भरून टाकले. फ्रीजही वर गेला, वायरिंग एका दिवसात झालं. त्यांचं प्रकरण मिटलं, दुकानाचं मिटलं. गल्लीचं मात्र काही मिटेना. उलट फ्रीज वर गेल्यावर लोक म्हणाले, बघा, बिंग फुटलं म्हणून हलवला.

मग बाई मला म्हणाल्या, "त्यानं यावं. याच गल्लीत यावं, याच वेळेले, पोरी सुटतात तेव्हा. अन् बोंबलला होता त्याच आवाजात सांगावं, का मी बोललो ते खोटं होतं. मले दुसरं काही नाही पायजे." एवढं एकच मागणं होतं त्यांचं. दुकानात जाऊन सांगितलं तर तिथला मॅनेजर म्हणाला, हप्ते मिळाले, आमची आता कोणाबद्दल तक्रार नाही. जणू तक्रार करायचा हक्क त्यांचाच होता.

आमच्या ह्यांना वर्तमानपत्राचा भारी नाद. त्यांनीच शोधून काढलं की आता ग्राहकांचा कायदा झाला आहे, ग्राहक मंच नावाचं काही सुरू झालं आहे, वकील लागत नाही, साध्या कागदावर लिहून दिलं तरी चालतं. "ग्राहक राजा आहे आता," हे म्हणाले. मी आणि बाई बसनं निघालो. बाईंनी ठेवणीतलं पातळ नेसलं होतं. रस्त्यात त्यांनी मला विचारलं, "राजा म्हणजे कोण वं? मी काय घेतलं कोणापासून?" मी म्हटलं, तिथं सांगतील. मलाही माहीत नव्हतं.

कचेरीत बाकावर लोक आपापल्या वस्तू मांडीवर घेऊन बसले होते. एकाजवळ मिक्सर, एकाजवळ तळ गेलेला कुकर, एका म्हाताऱ्याजवळ एकच बूट. आमच्याजवळ काही नव्हतं. कारकून गृहस्थ भला होता, चष्मा कपाळावर चढवून ऐकणारा.

"वस्तू कोणती?" त्यानं विचारलं.

"वस्तू नाही," मी म्हटलं. "बोलणं आहे."

"बिल आहे का?"

"बोलण्याचं बिल राहते का गा?" बाई म्हणाल्या.

मग मी त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मालक ग्राहक." मी म्हटलं, कोणते मालक? तो म्हणाला, "ह्यांचे." मी म्हटलं, नाही, घराचे. तो म्हणाला, "घरचे म्हणजे ह्यांचेच ना?" मी म्हटलं, घरचे नाही हो, घराचे. मागे बुटवाला म्हातारा हसायला लागला. कारकुनानं चष्मा डोळ्यांवर घेतला, परत कपाळावर चढवला. शेवटी त्याच्या ध्यानात आलं आणि तो हळहळून म्हणाला, "बाई, मग तुम्हाला तक्रारच करता येत नाही. तुम्ही ग्राहक नाही. फ्रीज तुम्ही घेतला नाही."

"म्हणून तं आली मी," बाई म्हणाल्या. "मी घेतला नाही, हेच तं सांगून राहिली."

"नाही घेतला तर ग्राहक नाही. ग्राहक नाही तर तक्रार नाही." मग बिचाऱ्यानं वाट काढली. आवाज खाली करून म्हणाला, "असं करा, घरमालकांच्या घरातलीच आहे असं लिहा. कुटुंबातली. मग चालेल."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. "म्हणजे तो बोलला तेच मी लिहून देऊ? सहीनिशी?"

कारकून ओशाळला. मग म्हणाला, ते नको तर दुसरं आहे, ज्यानं घेतलं त्याच्या परवानगीनं वस्तू वापरणारा माणूसही कायद्यानं ग्राहकच. फ्रीज वापरत होतात का? बाई म्हणाल्या, त्यात लिंबूही ठेवलं नाही. मी म्हणाले, "माझी कणीक होती." कारकुनाचा चेहरा एकदम उजळला. हरवलेलं पोर जत्रेत सापडावं तसा तो मला म्हणाला, "मग ग्राहक तुम्ही."

अशा रीतीनं बाईंची अब्रू गेल्याची तक्रार माझ्या नावानं दाखल झाली. घरी हे म्हणाले, "पण तो तुला काही बोललाच नाही." मी म्हटलं, ते मला माहीत आहे, पण ग्राहक मी आहे. हे म्हणाले, "मग बाई कोण?" मी म्हटलं, साक्षीदार. यांनी बराच वेळ विचार केला आणि वर्तमानपत्र उघडलं. तक्रारीच्या शेवटी काय मागणं आहे ते लिहावं लागतं, त्याला दाद म्हणतात. तिथं कारकुनानं नुकसानभरपाईचा आकडा लिहायला सांगितलं होतं. बाई ऐकेनात. त्यांनी सांगितलं तसंच मी लिहिलं, वसुली करणाऱ्या इसमानं त्याच गल्लीत, त्याच वेळी, त्याच आवाजात खरं काय ते सांगावं. कारकून म्हणाला, असा हुकूम देता येतो की नाही ठाऊक नाही. पण कागद त्यानं घेतला.

सुनावणीला तिघं जण समोर बसले होते. अध्यक्ष वयस्कर, शांत. दुकानाचा वकील होता आणि त्याच्यामागे तो वसुलीवाला, त्याच इस्त्रीच्या शर्टात, घामानं निथळलेला. जवळून पाहिला तर कोवळाच होता. वकिलानं सरळ सांगितलं, आमचा माणूस मनचं काही बोलला नाही, मालक बाहेरगावी गेले असं याच बाईंनी सांगितलं. अध्यक्षांनी विचारलं, "बाई, असं तुम्ही म्हणालात?"

"हो, म्हणाली."

"कोणते मालक? घरचे की घराचे?"

मी मनात म्हटलं, आता संपलं. कारण बाईंना उत्तर द्यायचं म्हणजे एकच उत्तर होतं. इतकी वर्षं सबंध लेआउटनं ज्याच्या आसपास पाऊल टाकलं नव्हतं, ते. खोलीत पंखा कुरकुरत होता. त्या दिवशी बाईंच्या तोंडात टाचण्या नव्हत्या आणि सगळं स्पष्ट ऐकू आलं.

"घरचे. माह्या लग्नाचे," बाई म्हणाल्या. "ते मले टेशनवर बसवून गेले. तिकीट काढून येतो म्हणाले. मी बसून राहिली. गाड्या गेल्या, मी बसूनच. मंग टेशनमास्तरनं घरी पाठवलं. ते कोठी हायेत मले माहीत नाही. जिवंत हायेत का, तेबी नाही. लोक इचारतात, मंग काय सांगू? बाहेरगावी म्हणतो. याइनं इचारलं, मी तेच म्हणाली."

वसुलीवाल्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. मी रडले. मला सरकारी कचेरीत रडायची लाज वाटते, तरी रडले. अध्यक्षांनी चष्मा पुसला. ते म्हणाले, कायद्यात अशी दाद देण्याची सोय नाही, पण तुमच्या माणसानं जाऊन माफी मागायला काय हरकत आहे? आम्ही हुकूम देत नाही, सुचवतो. वकिलानं घड्याळ बघितलं आणि म्हणाला, काहीच हरकत नाही. तडजोड झाली, सह्या झाल्या. माझीही झाली, कारण ग्राहक मी होते.

आणि तो आला. चार दिवसांनी, पोरी सुटायच्या वेळेला. पोरी आता दोनच उरल्या होत्या, पण गल्ली सुगावा लागल्यासारखी भरलेली होती. एकटाच आला, मोटारसायकल फाटकापाशी ठेवून चालत. बाई दारात उभ्या राहिल्या. त्यांनी केस नीट बांधले होते, पदर खांद्यावरून घेतला होता. तो गल्लीच्या मधोमध, पहिल्या वेळी उभा होता तिथंच उभा राहिला आणि त्यानं छाती भरून आवाज लावला.

"ऐका हो सगळे. मागं मी इथं येऊन बोललो ते साफ खोटं होतं. ह्या काकू घरमालकांच्या कोणी लागत नाहीत. फ्रीज ह्यांचा नव्हता, हप्ते ह्यांचे नव्हते."

इथंच तो थांबला असता तर. पण त्याला आपली चूक पुरती फेडायची होती. कचेरीत ऐकलं ते त्याच्या मनाला लागलं होतं, आणि ह्या बाईचं निर्दोषपण एकाही माणसाच्या मनात अर्धवट राहू नये, असं त्या पोराला वाटत होतं. त्यानं आवाज आणखी चढवला.

"ह्यांचे मालक वेगळे. ते ह्यांना स्टेशनवर बसवून पळून गेले. आजपर्यंत आले नाहीत. जिवंत आहेत की नाही तेही ह्यांना माहीत नाही. ह्या कोणाच्याच कोणी नाहीत. ह्या काकू एकट्या आहेत."

एका पोरीची आई तोंडाला पदर लावून उभी होती. मी बाईंकडे बघायचं टाळलं आणि मग बघितलं. त्या उभ्याच होत्या. तो पोरगा धापा टाकत त्यांच्यापाशी आला. त्याचे डोळे भरले होते. शाळेत पाठांतर म्हणून दाखवल्यावर पोरं विचारतात तसं त्यानं विचारलं, "बरोबर झालं ना, काकू?"

"बरोबर झालं, बाबू," बाई म्हणाल्या. "आवाजही तेवढाच होता. बस, पाणी पी."

तो पाणी पिऊन गेला. पुढच्या आठवड्यापासून पोरी परत आल्या. आजी बऱ्या झाल्या, परीक्षा संपल्या. नव्या पोरीही आल्या. त्यांच्या आया येताना कोणी पापड आणत, कोणी कुरडया, आणि बाईंशी हळू आवाजात बोलत. पूर्वी शिलाईवरून खुशाल घासाघीस करायच्या त्या आता पहिल्याच शब्दाला हो म्हणत. चैत्रात माझ्याकडे हळदीकुंकू होतं, तेव्हा शेजारच्या दोघी मला बाजूला घेऊन विचारत होत्या, बाईंना बोलावलं का वं? चालते का? म्हणजे आता नक्की कसं धरायचं? मी इतकी भडकले की त्यांना बटाट्याची भाजी जास्त वाढली. बाई आल्या. कुंकू लावायला माझा हात पुढे गेला, तर सगळ्या बायका त्या हाताकडे बघत होत्या. आजवर त्या कपाळाकडे कोणी बघितलं नव्हतं.

पावसाळ्याआधी बाईंनी शहराच्या दुसऱ्या टोकाला, जरीपटक्याकडे, खोली बघितली. क्लास जोरात चालला होता, आणि ह्या जातायत. कोणाला काही कळेना. आमचे हे तर आजही पाहुण्यांना सांगतात, की त्या कायद्याची लेआउटमधली पहिली केस आमच्या हिनं लढली आणि मागितलं ते सगळं मिळवलं. ते खरंच आहे. मागितलेल्यातला एक शब्दही मिळायचा राहिला नाही. मी तेव्हा चहा ठेवायला आत जाते.

निघायच्या दिवशी मशीन हातगाडीवर पुढे गेलं होतं. रिक्षा दारात उभी होती. मी बाईंना विचारलं, आपण तक्रार केलीच नसती तर काय झालं असतं? मला खरोखर कळत नव्हतं, अजूनही कळत नाही.

बाईंनी पदर खोचला. "तं लोक खोटं बोलत राहिले असते," त्या म्हणाल्या. "आता खरं बोलून राहिले. मले आयकाले दोन्ही सारखंच लागते वं."

मग त्यांनी माझ्या ब्लाउजची खांद्यावर उसवलेली टीप बघितली, ती तेवढी घालून घे म्हणाल्या, आणि रिक्षात बसल्या.